पहिला रिसोटो: दोघांपुरता, साधा, लोणी-चीजचा

रिसोटो म्हणजे स्टॉकमध्ये (भाज्या किंवा मांस उकळून गाळलेल्या पाण्यात) शिजवलेला इटलीचा भात. त्यात क्रीम नसतं. ताटलीत जो दाटसर, चकचकीत रस दिसतो, तो तांदळातून सुटलेला स्टार्च, स्टॉक, लोणी आणि चीज एकजीव झाल्याने येतो. मोकळ्या भातासाठी तांदूळ धुऊन जे पांढरं पाणी आपण ओतून देतो, त्याचीच इथे गरज असते. तरीही दाणा फुटता कामा नये, त्याच्या पोटात किंचित कणी राहिली पाहिजे. स्टार्च सोडवायचा आणि कणी राखायची, ही दोन्ही कामं एकाच पातेल्यात १५ ते १८ मिनिटांत करायची असतात. रिसोटो बिघडतो तेव्हा बहुधा यातलं एक काम हुकलेलं असतं.

इथे दिलेला प्रकार सगळ्यांत साधा आहे, रिसोटो आल्ला पार्मिजाना, म्हणजे पार्मेझान या कडक इटालियन चीजचा रिसोटो. मशरूम, केशर, लाल भोपळा हे सगळं यावरच चढवायचं असतं. हा जमेपर्यंत मशरूमकडे वळू नका. मशरूमच्या चवीखाली चुका झाकल्या जातात आणि नेमकं कुठे बिनसलं ते कळत नाही.

साहित्य (दोघांसाठी)

- आर्बोरियो किंवा कार्नारोली तांदूळ: १६० ग्रॅम
- भाज्यांचा किंवा चिकनचा स्टॉक: ७५० मिली (साधारण ६००-६५० लागतो, बाकीचा हाताशी असू द्या)
- कांदा: ४० ग्रॅम, म्हणजे लहान कांद्याचा अर्धा भाग
- ड्राय (गोड नसलेली) व्हाइट वाइन: ६० मिली
- बिनमिठाचं लोणी: ४० ग्रॅम (१५ कांद्यासाठी, २५ शेवटी)
- पार्मेझान: ४० ग्रॅम, अगदी बारीक किसलेलं
- मीठ

इटलीत रिसोटो हा जेवणाचा पहिला पदार्थ असतो, मांस-मासळी त्यानंतर येते. म्हणून माणशी ७०-८० ग्रॅम तांदूळ. रिसोटोवरच जेवण आटपायचं असेल तर माणशी १०० ग्रॅम घ्या. चौघांसाठी बाकी सगळं दुप्पट करा, पण स्टॉक दुपटीपेक्षा थोडा कमी लागेल. पातेल्याची रुंदी तांदळाच्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे वाफेवाटे पाणी कमी जातं. पहिली खेप मात्र दोघांपुरतीच करा.

तांदूळ

रिसोटो उत्तर इटलीचा. पो नदीच्या खोऱ्यात व्हेर्चेल्ली, नोव्हारा, पाव्हिया या भागांत भातखाचरं पसरलेली आहेत आणि रिसोटोचे तांदूळही तिथलेच. आर्बोरियो हे व्हेर्चेल्लीजवळच्या एका गावाचं नाव. हे वाण १९४६ मधलं. दाणा मोठा, पोटात पांढरा ठिपका, स्टार्च भरपूर सुटतो, पण हा तांदूळ लवकर मऊ पडतो. एखाद-दोन मिनिटं जास्त झाली की लगदा. १९४५ मध्ये मिलानजवळ तयार झालेल्या कार्नारोलीत अमायलोज (स्टार्चचा एक प्रकार) जास्त असतं, त्यामुळे दाणा आकार धरून राहतो आणि नवशिक्याच्या चुका पोटात घालतो. मिळत असेल तर पहिल्या खेपेला कार्नारोलीच घ्या. व्हेरोनाकडे व्हियालोने नानो हा बुटका दाणा लोकप्रिय आहे. तो स्टॉक खूप पितो आणि दोन-तीन मिनिटं आधी शिजतो.

युरोपात राहणाऱ्यांनी पाकीट नीट वाचावं. इटलीच्या नियमांनुसार कार्नारोलीच्या नावाखाली त्याच्याशी मिळतीजुळती काही दुसरी वाणंही विकता येतात. २०१७ पासून 'क्लासिको' हा शब्द मात्र मूळ वाणालाच लावता येतो.

भारतात बहुतेक ठिकाणी आर्बोरियोच मिळतो, आणि तोही महाग. मग इंद्रायणी चालेल का? सरावासाठी चालेल. चिकटपणा भरपूर आहे, पण कणी टिकत नाही. बाहेरून मऊ झाला की आतूनही मऊच होतो. शिवाय त्याचा वास चीजच्या वासाशी भांडतो. वापरायचाच तर स्टॉक ५०० मिलीच्या आसपास धरा आणि दहाव्या मिनिटापासून चव घेत राहा. जे होईल ते चवदार असेल, फक्त पोत रिसोटोचा नसेल. बासमतीचा मात्र विचारच करू नका, त्याचा सगळा गुण मोकळं राहण्यातच आहे.

कोणताही तांदूळ घेतला तरी धुवायचा नाही आणि भिजवायचाही नाही. निवडून तुटके दाणे काढून टाका. ते आधी शिजतात आणि सगळं आसट करतात.

स्टॉक

पातेल्यात जाणारं जवळजवळ सगळं पाणी स्टॉकचं असतं, म्हणजे निम्मी चव इथेच ठरते. भाज्यांच्या स्टॉकसाठी सव्वा लिटर थंड पाण्यात एक गाजर, एक कांदा, सेलरीचे दोन दांडे आणि असतील तर पार्सलीच्या काड्या घाला. मंद आचेवर ४० मिनिटं ठेवा आणि गाळून घ्या. कोबी, फ्लॉवर, बीट घालू नका. पहिल्या दोघांचा उग्र वास उरतो आणि बीट रंग सोडतं. युरोपी पाककृतीत 'बे लीफ' दिसलं म्हणून आपलं तमालपत्र टाकू नका. ते वेगळ्या झाडाचं पान आहे, त्याला दालचिनीकडे झुकणारा वास असतो आणि रिसोटोत तो थेट पुलावाची आठवण करून देतो.

मीठ कमी ठेवा. सूप म्हणून प्यायलात तर अळणी वाटेल इतकं कमी. स्टॉक आटत जातो, चीजही खारट असतं. तयार क्यूब वापरत असाल तर पाकिटावर सांगितलेल्याच्या निम्मे घ्या आणि वरून मीठ घालूच नका.

रिसोटो सुरू करण्याआधी स्टॉक दुसऱ्या शेगडीवर उकळीच्या जरा खाली आणून ठेवा आणि शेवटपर्यंत तसाच ठेवा. थंड स्टॉक घातला की दर वेळी पातेल्याची उकळी बसते. दाणा बाहेरून भिजत राहतो, आतून शिजत नाही. बाहेर गाळ आणि आत कच्चा, असा भात यामुळेही होऊ शकतो.

भांडं आणि बाकीची तयारी

जाड बुडाचं, २२ ते २४ सेंटिमीटर रुंदीचं, उभ्या काठांचं पातेलं घ्या. शिजलेल्या तांदळाचा थर दीड-दोन सेंटिमीटरचा बसला पाहिजे. उंच आणि अरुंद भांड्यात खालचा तांदूळ आधी शिजतो. लोखंडी कढई नको, वाइनच्या आंबटपणाने ती रंग आणि चव दोन्ही सोडते. ढवळायला लाकडी उलथनं, स्टॉक घालायला १०० मिलीच्या आसपासचं ओगराळं. त्यात किती मावतं ते एकदा मोजून ठेवा.

शेवटी घालायच्या २५ ग्रॅम लोण्याचे लहान तुकडे करून फ्रिजमध्ये ठेवा. हे विसरू नका, पुढे कारण येतंच. पिवळं खारट लोणी वापरणार असाल तर मीठ हातचं राखून. घरचं पांढरं लोणी उत्तम, पण ताक पूर्ण धुऊन काढा आणि पाणी निथळू द्या. तूप मात्र चालत नाही. लोण्यात थोडं पाणी आणि दुधातली प्रथिनं असतात, त्यामुळे ते स्टार्चच्या रसात मिसळून दाट होतं. तूप जवळजवळ निव्वळ स्निग्ध पदार्थ, ते वर तवंगासारखं तरंगतं.

पार्मेझानचा तुकडा आणून ऐन वेळी किसा. डब्यातली तयार पूड गुठळ्या न होण्यासाठी काही मिसळलेली असते, ती नीट विरघळत नाही. प्रोसेस्ड चीज नको. शाकाहारी घरांसाठी महत्त्वाची गोष्ट: अस्सल पार्मेझान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, आणि त्याच्यासारखंच ग्राना पादानो या दोन्ही चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध साकळवणारं द्रव्य) वापरतात. ते चालत नसेल तर पार्मेझानसारखं कडक, पण सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटचं चीज मिळतं. पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या.

कांदा

कांदा तांदळाच्या दाण्याइतका बारीक चिरा. तयार रिसोटोत तो दिसता कामा नये. १५ ग्रॅम लोणी मंद आचेवर वितळवा, कांदा आणि चिमूटभर मीठ घाला. सात-आठ मिनिटं परता. कांदा पारदर्शक आणि मऊ हवा, रंग अजिबात येऊ देऊ नका. आपला लाल कांदा उग्र असतो, त्यामुळे लागल्यास चमचाभर पाणी घालून तो नीट शिजवा. भाजी-आमटीच्या सवयीने हात तांबूस कांद्याकडे जातो, तो आवरा. करपट गोडसर चव या पदार्थात शेवटपर्यंत उरते. आणि लसूण नाही.

तांदूळ गरम करणं

इटालियन स्वयंपाकी या पायरीला तोस्तातुरा म्हणतात. आच मध्यम करा, तांदूळ घाला, दोन ते तीन मिनिटं सतत परता. दाण्यांच्या कडा काचेसारख्या होतात, पोटातला पांढरा ठिपका उठून दिसतो, आणि दोन-चार दाणे तळहातावर घेतले तर चटका बसतो. तिथे थांबा. या उष्णतेने दाण्याचा बाहेरचा थर आवळतो, स्टार्च एकदम न सुटता हळूहळू सुटतो आणि कणी टिकते. ही पायरी टाळली तर दहाव्या मिनिटालाच खीर दिसायला लागते. जास्त परतून दाणे तांबूस झाले तर उलटं होतं, स्टार्च नीट सुटतच नाही.

कांदा करपेल अशी भीती वाटत असेल तर तो वेगळ्या भांड्यात शिजवून बाजूला ठेवा, तांदूळ कोरड्या पातेल्यात गरम करा आणि कांदा मागाहून मिसळा. बरेच व्यावसायिक स्वयंपाकी हेच करतात.

वाइन

आच थोडी वाढवा आणि वाइन एकदम ओता. ती फ्रिजमधली थंडगार नको. चर्र आवाज येतो, वाफ उठते. दीड-दोन मिनिटांत वाइन आटते. पातेल्यावर नाक नेल्यावर अल्कोहोलचा झणका जाणवेनासा झाला की पुढे जा.

वाइनचं काम आंबटपणा देणं. एवढं लोणी आणि चीज आंबटाशिवाय जिभेवर जड बसतं. वाइन गोड असेल तर ती न घातलेलीच बरी. शिजवल्यावर अल्कोहोल पूर्ण उडून जातं असं नाही, त्यामुळे ज्या घरात ते वर्ज्य आहे तिथे वाइन सरळ गाळा आणि शेवटी लोण्याबरोबर एक लहान चमचा लिंबाचा रस घाला. अर्धा चमचा व्हाइट वाइन व्हिनेगरही चालेल. ही काही कमअस्सल तडजोड नाही. मिलानचे प्रसिद्ध शेफ ग्वाल्तिएरो मार्केझी रिसोटोचा आंबटपणा शेवटच्या लोण्यातूनच आणत. वाइन, व्हिनेगर आणि कांदा आटवून गाळायचा आणि तो अर्क लोण्यात फेटायचा, अशी त्यांची रीत. केशरी रिसोटोवर सोन्याचा वर्ख ठेवणारे ते हेच.

स्टॉक घालत शिजवणं

आता घड्याळ लावा. पहिल्यांदा दोन ओगराळी स्टॉक घाला, तांदूळ जेमतेम बुडेल इतका. आच अशी ठेवा की पृष्ठभागावर सगळीकडे बुडबुडे येत राहतील, पण रटरटणार नाही. उलथनं तळावरून फिरवल्यावर मागे वाट उमटली आणि ती क्षणभर तशीच राहिली, की पुढचं ओगराळं. पातेलं पूर्ण कोरडं पडू देऊ नका, आणि एका वेळी तांदूळ पोहेल इतकं पाणीही नको.

सतत ढवळत राहा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्याची गरज नाही. ढवळल्याने दाणे एकमेकांवर घासतात आणि स्टार्च सुटतो, हे खरं. पण अखंड ढवळलं तर पातेलं थंड होतं, दाणे मोडतात आणि गिच्च गोळा होतो. अर्ध्या मिनिटाने एकदा, तळ आणि कडा खरवडून घेतल्या की पुरे. व्हेरोनाजवळच्या इझोला देल्ला स्काला गावच्या रिसोटोत तर तांदूळ उकळत्या स्टॉकमध्ये घालून झाकण लावतात, ढवळतच नाहीत. त्यांचा तांदूळ व्हियालोने नानो, पोतही वेगळा, पण त्याला कोणी रिसोटो नाही असं म्हणत नाही.

बाराव्या मिनिटाला पहिलं शीत चाखा. आत खडूसारखा कच्चा भाग लागेल. चौदाव्याला पुन्हा, आणि त्यानंतर दर मिनिटाला. आर्बोरियो साधारण १५-१६, कार्नारोली १६-१८ मिनिटांत होतो, पण पाकिटावरच्या आकड्यापेक्षा दातावर विश्वास ठेवा. दाणा चावला की बाहेर मऊ, मधोमध हलकासा अडथळा, पण पिठूळ कच्चेपणा नाही, अशी ती अवस्था. शेवटच्या दोन मिनिटांत स्टॉक अर्ध्या-अर्ध्या ओगराळ्याने घाला. गॅस बंद करताना रिसोटो तुम्हाला हवा त्याहून थोडा पातळ दिसला पाहिजे. स्टॉक संपला आणि तांदूळ कच्चा असेल तर उकळतं पाणी घाला, काही बिघडत नाही.

लोणी आणि चीज: मांतेकातुरा

रिसोटो इथेच होतो किंवा फसतो. गॅस बंद करा आणि पातेलं शेगडीवरून उतरवा. अर्धा मिनिट काहीही करू नका. बुडबुडे थांबू द्या.

मग फ्रिजमधलं गार लोणी घाला आणि आता मात्र जोरात ढवळा, दुसऱ्या हाताने पातेलं मागेपुढे हलवत. गार लोणी हळू वितळतं, आणि वितळता वितळता त्याचे बारीक थेंब स्टार्चच्या रसात अडकून राहतात. लोणी आधीच वितळलेलं असेल किंवा पातेलं उकळतं असेल तर स्निग्धांश सुटा होतो आणि कडेला तेल दिसतं. लोणी मिसळल्यावर चीज दोन हप्त्यांत घाला. उकळत्या रिसोटोत चीज पडलं तर त्यातली प्रथिनं आखडतात आणि गुठळ्या होतात. एकूण मिनिटभर ढवळणं पुरे. आता मीठ चाखा, पहिल्यांदाच. झाकण ठेवून एक-दीड मिनिट थांबा.

झाकण काढल्यावर घट्ट वाटलं तर एक-दोन चमचे गरम स्टॉक घाला. पातेलं कलतं केल्यावर रिसोटो लाटेसारखा सरकला पाहिजे. इटालियनमध्ये या पोताला 'आल्लोंदा' म्हणतात. ताटली सपाट आणि गरम हवी. मध्ये वाढून ताटलीच्या बुडाला हाताने दोनदा थोपटा. रिसोटो आपोआप पसरला तर जमलं. मुदीसारखा उभा राहिला तर घट्ट झाला, आणि कडेने पाणी सुटलं तर लोणी-चीज नीट मिसळलं नाही.

लगेच खा. पाच मिनिटांत स्टार्च घट्ट होऊ लागतो. पाहुण्यांना आधी टेबलावर बसवायचं, मग लोणी घालायचं.

बिघडलं तर

दाणे शिजले आणि रस पातळ राहिला तर आच वाढवून आटवू नका, दाणा फुटेल. दोन चमचे चीज वाढवा आणि जोरात ढवळा. कडेला तेल सुटलं असेल तर गॅस न लावता दोन चमचे गरम स्टॉक घालून फेटा, बहुतेक वेळा पुन्हा एकजीव होतं. खारट झालं तर वाचवणं कठीण. बिनमिठाचं लोणी आणि साधं गरम पाणी यांनी थोडं सावरतं, एवढंच. चव सपक लागत असेल तर मीठ वाढवण्याआधी लिंबाचे चार थेंब टाकून बघा, बरेचदा कमतरता आंबटाची असते. आणि गिच्च झालेल्या रिसोटोवर काहीही उपाय नाही. त्याचं काय करायचं ते शेवटी.

पुढचे प्रकार, पाहुणे, आणि उरलेला रिसोटो

केशरी मिलानी रिसोटोसाठी याच प्रमाणात केशराच्या २०-२५ काड्या अर्धी वाटी गरम स्टॉकमध्ये अर्धा तास भिजवा आणि शिजायला चार मिनिटं उरली असताना घाला. आधी घातलं तर वास उडून जातो. मिलानमध्ये यात गुराच्या हाडातला मगजही पडतो. मशरूम वेगळ्या पॅनमध्ये तेज आचेवर परता, नाहीतर त्यांचं पाणी रिसोटोत सुटतं, आणि मध्यावर मिसळा. लाल भोपळा वाफवून, घोटून दहाव्या मिनिटाला घाला. भोपळ्याचा रिसोटो उत्तर इटलीतल्या मांतुआकडचा, त्यामुळे हा आपला देशी प्रयोग आहे असं समजायचं कारण नाही. मासळीच्या रिसोटोत इटलीत सहसा चीज घालत नाहीत.

पाहुण्यांसाठी उपाहारगृहांची युक्ती: दहाव्या मिनिटाला, रस बराचसा आटलेला असताना तांदूळ काढून मोठ्या परातीत पातळ पसरवा, निवला की लगेच झाकून फ्रिजमध्ये ठेवा. वाढायच्या वेळी गरम स्टॉकसह पाच-सहा मिनिटं शिजवून लोणी-चीज घाला. ताज्यापेक्षा थोडा उणा, पण आठ जणांसाठी शेगडीपाशी अडकून पडावं लागत नाही.

उरलेला किंवा बिघडलेला रिसोटो तासाभराच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या. शिजलेला भात बाहेर राहिला की त्यात विषबाधा करणारे जिवाणू वाढतात. तो परत गरम करून पहिल्यासारखा होत नाही, म्हणून मिलानमध्ये त्याचा रिझो आल साल्तो करतात. नॉनस्टिक तव्यावर चमचाभर लोणी गरम करा, गार रिसोटो थालीपिठाइतका पातळ थापा, मध्यम-मंद आचेवर पाच-सहा मिनिटं न हलवता ठेवा, ताटलीवर उलटा करून परत तव्यात सरकवा आणि दुसरी बाजूही तितकीच खरपूस होऊ द्या.